एकही डिस्क सापडली नाही

घणसोली गावठाण संपतं आणि सेक्टर सात सुरू होतो
त्या फटीत माझं दुकान. शटर अर्धंच वर जातं.
हरेश्वर मढवी वाकून आत आले
सीपीयू कडेवर घेऊन, चादरीत गुंडाळलेला.
एकोणीस वर्षं लग्नाचं शूटिंग करतात,
तळवलीपासून गोठिवलीपर्यंत.

भाच्याने नवी विंडोज टाकायला घेतली
आणि मध्येच ती म्हणाली:
एकही डिस्क सापडली नाही.

"दोन हायत आत. मी सोता बसवल्यात, ताय."

मशीन चालू केलं.
काळ्या पडद्यावर मदरबोर्डने आपली ओळ म्हटली:
डिस्क दोन, संच एक, प्रकृती ठीक.
दीड सेकंद.
मग कारभार विंडोजकडे गेला.
तिने सगळ्या खोल्या पाहिल्या,
म्हणाली, इथे कोणी राहत नाही.

"खोटा कोन बोलतं?"
कोणीच नाही, काका.
बोर्डाला रेड करता येतं...
"रेड म्हंजे धाड ना?"
धाड नव्हे. दोन डिस्कना एक धरून चालायचं.
पण बोर्ड दार उघडेपर्यंतच जागा असतो,
पुढे ओझं सिस्टिमनेच उचलायचं,
आणि तिला हा बोर्ड माहीत नाही.
ड्रायव्हर लागतो. कंपनीने तर यादीतून
तुमच्या बोर्डाचं नावच काढलंय.
सीडी होती ना सोबत?

"ती गच्चीवर टांगलीय. कावले हाकलाया."

पेनड्राइव्हवरून लिनक्स लावलं.
त्याला दोन दिसल्या. सुट्या,
एका बाकावर बसून एकमेकींशी न बोलणाऱ्या.
म्हटलं, आरसा असेल तर एकीवरही भागेल.
आरसाच केला होतात ना?

मढवींनी चादरीची घडी घातली. पुन्हा घातली.
"तवा मना फास्ट पायजे होता."

फास्ट. म्हणजे पट्टे.
चौसष्ट केबी इकडे, चौसष्ट केबी तिकडे,
आवाजाचं म्हटलं तर अर्धा श्वासही नाही.
एक डिस्क गेली की दुसरीवर उरतो नुसता भुगा.

"लग्ना गेली तरी चालतील,
लोकांकडं अल्बम हायत.
ठकूबाय हाय त्यात."

तळवलीची धवलारीण.
२०१२ साली चार रात्री माळ्यावर बसवून
अख्खा धवला भरून घेतला होता,
पंखा बंद करून, घामात.
ती एक ओळ टाकायची,
मागून नणंद चांगुणा दुसरी झेलायची.
ठकूबाई गेली. चांगुणा आहे, राबाड्याला,
पण म्हणत नाही. विचारलं तर म्हणते,
मना आर्धाच येतं.

मी काही बोलले नाही. टाइप करत राहिले.

डिस्कच्या अगदी शेपटाला, जिथे सहसा कोणी जात नाही,
बोर्ड आपल्या अक्षरात लिहून ठेवतो:
ही पहिली, ती दुसरी, घास एवढा.
त्या अक्षराचं वळण कुणीतरी,
कुठल्यातरी देशात, फुकट,
बसून ओळखलंय. लिनक्सला ते वाचता येतं.
आधी सांगितलं, फक्त वाच, लिहू नकोस.
मग एंटर.

पंख्याचा आवाज. बाहेर भंगारवाल्याची हाक.
एक ओळ आली, संच एक.
खाली फोल्डर: हळदी, साखरपुडे, एक बारसं,
आणि "ठकू_४_फायनल_खरं".

लावलं.
आधी खुर्ची सरकली. मग खोकला.
मग ती म्हातारी: "चालू जाला का रं?"

मढवी खुर्चीतून अर्धे उठले.
"हां, चालू हाय," असं म्हणालेच जवळजवळ,
पण ते उत्तर त्यांच्याच आवाजात
तेरा वर्षांपूर्वीचं स्पीकरमधून आलं.

"आता विंडोजला दिसंल?"
नाही, काका. तिला अजूनही दिसत नाही.
कॉपी होऊ द्या बाहेरच्या डिस्कवर. अकरा तास लागतील.

ते गेले नाहीत. फोन काढून राबाड्याला लावला,
आणि चांगुणाबाई बहिऱ्या असाव्यात,
कारण तीनदा ओरडून सांगावं लागलं:
पलीकडचा आर्धा मिळाला.